मामा तलावाचा खर्च कोणत्या खात्यात?

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांच्या सरकारी कागदांत ‘मामा तलाव’ हा शब्द सारखा भेटतो. त्याचा कुणाच्या मामाशी संबंध नाही. ‘माजी मालगुजारी’ची ती आद्याक्षरं आहेत. आधीच्या एका लेखात मी लिहिलं होतं की माझा प्रबंध या तलावांच्या दुरुस्तीच्या पैशांवर आहे. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, की तलाव समजला, पैशांवर कसला आलाय इतिहास? म्हणून हा लेख.

एखाद्या जमिनीवर खर्च करायला पैसा कोणत्या खात्यातून येतो, यावर ती जमीन सरकारदरबारी ‘काय’ आहे हे ठरतं. वनखात्याचा पैसा आला तर ती जंगल. पाटबंधाऱ्याचा आला तर ती सिंचनाची सोय. मामा तलाव मात्र एकाच वेळी बरंच काही असतो. पावसाळ्यात पाणी, हिवाळ्यात परदेशी बदकं, उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गुरांचं कुरण आणि गाळपेर. वर्षभर ढिवरांची मासळी. खाली धानाच्या बांध्या, वर पाणलोटात जंगल, आणि त्या जंगलातून रात्री पाण्यावर येणारं जनावर. एवढ्या सगळ्याला मिळून एक लेखाशीर्ष कधीच नव्हतं. ते का नव्हतं आणि आता थोडंसं कसं तयार होतंय, हे मी शोधतो आहे.

सुरुवात गोंड राजवटीपासून करावी लागते. चांद्याच्या गोंड राजांबद्दल एक परंपरा सांगितली जाते, इंग्रजांच्या सेटलमेंट अहवालांनी आणि गॅझेटियरांनीही तिची दखल घेतली आहे: जो जंगल तोडून गाव बसवेल त्याला गाव, आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजेल तेवढी जमीन. तपशिलात राजाचं नाव बदलतं, काळ बदलतो, पण सूत्र तेच राहतं. आजच्या भाषेत सांगायचं तर अनुदान रोखीत नव्हतं, जमिनीत होतं. आणि तेही कामाआधी नाही, कामानंतर. पाणी टिकलं, धान पिकलं, तरच मोबदला. कोहळी समाजाने भंडारा-चांदा भागात तलाव बांधण्यात जे नाव कमावलं ते या व्यवस्थेत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जो मोठा ग्रंथ काढला, त्यातही कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे अशीच आहे.

या पद्धतीत संशोधनाचा खर्च वेगळा दाखवलेला नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाळ कुठे घालायची, माती कुठली, जास्तीचं पाणी कुठून काढायचं, वरच्या तलावाचं सांडपाणी खालच्या बोडीत कसं न्यायचं, हे ज्ञान बांधणाऱ्याच्याच डोक्यात होतं, आणि ते चुकलं तर तोटाही त्याचाच. एका ओढ्यावर एकाखाली एक तलावांची माळ दिसते, ती कुणी कागदावर आखून केलेली नाही.

पण याचं सोनं करायला मी तयार नाही. आमच्याकडे मामा तलावांवर लिहिताना गळा दाटून येण्याची पद्धत आहे. पाळीवर माती टाकणारा मजूर कोण होता, त्याला काय मिळत होतं, पाणी आधी कुणाच्या बांधीत जात होतं, हे प्रश्न विचारले की चित्र तेवढं गोड राहत नाही. मोबदल्याची जमीन तलाव बांधवून घेणाऱ्याला मिळाली, खोदणाऱ्याला नाही.

१८५३ मध्ये नागपूरचे भोसले संपले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला, आणि त्यानंतरच्या सेटलमेंटमध्ये इंग्रजांनी मालगुजारांना गावांची मालकी दिली. आधी जो वसूल करून देणारा होता तो आता मालक झाला, आणि तलावही त्याच्याकडे गेला. गावकऱ्यांचे पाण्याचे, चराईचे, जळणाचे हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ आणि निस्तारपत्रकात लिहिले गेले. म्हणजे दुरुस्ती मालगुजाराने करायची, वापर गावाने करायचा. तलाव बांधून सुधारलेल्या जमिनीवर सारा लगेच वाढवायचा नाही, अशी सवलत होती. १८८३ च्या कायद्याने जमीन सुधारणेसाठी तगाई कर्जही मिळू लागलं. सरकारचा हात एवढ्यापुरताच.

त्याच सुमारास दुसरी वही उघडली गेली. १८७८ चा वन कायदा आला, राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि चांद्याच्या जंगलाचा हिशेब स्वतंत्र झाला. जंगलाकडून उत्पन्न हवं होतं, म्हणून जंगलाच्या अभ्यासाला पैसा मिळाला: कार्य आयोजना, झाडांच्या घेरांची मोजणी, किती वर्षांनी कुठला भाग तोडायचा याचं वेळापत्रक. १९०६ साली देहरादूनला वन संशोधन संस्था उभी राहिली. सागावर जेवढी शाई खर्च झाली त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही तलावातल्या पाणवनस्पतींवर झालेली नाही. हा शंभरावा हिस्सा मी मोजलेला नाही, अभिलेखागारात बसून झालेलं माझं मत आहे.

तलाव महसुलाच्या वहीत राहिला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर सरकारला सिंचन आठवलं. १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोग देशभर फिरला, आणि पुढच्या वीसेक वर्षांत आसोलामेंढा, घोडाझरी, नलेश्वर असे मोठे सरकारी तलाव आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात झाले. त्यांचं मोजमाप एकच: किती पाणी, किती एकर. गंमत बघा, आज त्यातल्या घोडाझरीच्या भोवतीचं जंगल २०१८ पासून अभयारण्य आहे. धानासाठी बांधलेल्या तलावाने शंभर वर्षांत तिथे वन्यजीवांनाही पाणी पुरवलं. बांधणाऱ्यांच्या अंदाजपत्रकात त्या पाण्याचा हिशेब असणं शक्यच नव्हतं.

मग १९५०. मध्य प्रदेशाचा मालकी हक्क निर्मूलन कायदा झाला (हा भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता) आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी गेली. गेली हे चांगलंच झालं. पण तलावाच्या बाजूने पाहिलं तर एक विचित्र गोष्ट घडली. ज्याच्यावर दुरुस्तीची जबाबदारी होती तो माणूस गेला, आणि त्याच्या जागी कोण आलं हे बरीच वर्षं नीट ठरलंच नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. शंभर हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे, त्याहून मोठे पाटबंधारे खात्याकडे. मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांना, तो वेगळ्या खात्यातून. गाळपेर जमिनीचा निर्णय आणखी वेगळ्या टेबलावर. पाणलोट जर राखीव जंगलात असेल तर तिथे वनखातं. एका तलावाचे चार भाग चार कार्यालयांत गेले.

मोडतोड हळूहळू झाली. पाळीवर झाडं वाढली, मुळांनी पाणी झिरपू लागलं. पाट अतिक्रमणात बुजले. आणि काठाने बेशरम पसरली. ती बाहेरून आलेली, गुरं खात नाहीत, तोडली तर तुकड्यातून पुन्हा फुटते, आणि जिथे ती वाढते तिथे काठावरचं बाकीचं गवत-लव्हाळं संपतं. नाव अगदी शोभतं. त्यात रोहू, कटला, मृगळ यांचं मत्स्यबीज दरवर्षी सोडलं जाऊ लागलं, कारण योजना त्याच माशांच्या होत्या. मरळ, मांगूर आणि बारीकसारीक गावठी मासे, जे गरीब घराच्या ताटात येत, ते कमी होत गेले.

दुरुस्तीला पैसा आलाच नाही असं नाही. रोजगार हमीतून आला, पुढे जलयुक्त शिवारातून आला, २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’मधून आला. पण त्याचं माप घनमीटर. किती गाळ निघाला, किती साठा वाढला. मशीन तळात उतरतं आणि सगळं सारखं खरडून काढतं. त्यात पाण्याखालच्या वनस्पतींची मुळं जातात, काठावरचा उथळ उतार जातो, आपोआप उगवणारं रानटी धान जातं. तलावाला बादलीचा आकार येतो. बादलीत पाणी जास्त मावतं हे खरंच आहे. पण उथळ काठावर पाय बुडवून उभा राहणारा पक्षी बादलीत कुठे उभा राहील? गवताच्या बुंध्याशी अंडी घालणारा मासा कुठे जाईल? यात कुणाची लबाडी नाही. अभियंत्याने जे मोजायला सांगितलंय ते नीट मोजलं. मोजायच्या यादीत वनस्पती नव्हती एवढंच.

जंगलाच्या वहीकडे या काळात किती पैसा वळला तेही पाहायला हवं, नाहीतर तुलना कळणार नाही. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात तो प्रसिद्ध आदेश दिला. पुढे त्याच खटल्यातून एक पद्धत रुळली. खाण, धरण, रस्ता, कशासाठीही वनजमीन वळवली तर घेणाऱ्याने पर्यायी वनीकरणाचा खर्च द्यायचा, आणि शिवाय त्या जंगलाचं ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरायचं. २००८ मध्ये हा दर जंगलाच्या प्रकाराप्रमाणे हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये ठरला. हा पैसा ‘कॅम्पा’ नावाच्या निधीत साठत गेला, २०१६ मध्ये कायदा झाला, २०१८ मध्ये नियम आले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना ४७ हजार ४३६ कोटी रुपये वाटले. महाराष्ट्राच्या वाट्याला सुमारे ३ हजार ८४४ कोटी आले. नियम सांगतो की निव्वळ वर्तमान मूल्याच्या रकमेतले निदान ८० टक्के वन आणि वन्यजीव व्यवस्थापनावर जावेत.

कोळशाच्या आणि लोखंडाच्या खाणींचे हे दोन जिल्हे. इथलं जंगल जाऊन हा निधी वाढतो आणि वनीकरणाच्या रूपाने परत येतो, बहुधा दुसऱ्याच ठिकाणी. तो पैसा झाडावर खर्च होतो, कारण निधीचा जन्मच झाड तुटण्यातून झाला आहे. तलाव बुजल्याबद्दल, बोडी सपाट केल्याबद्दल, धुऱ्यावरची झाडं गेल्याबद्दल कुणी काही भरत नाही. म्हणून त्यांच्यासाठी निधीही साठत नाही.

वाघाच्या अभ्यासालाही पैसा मिळतो, आणि मिळावाच. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ अंदाजले गेले, २०१८ मध्ये ते ३१२ होते. चंद्रपूर जिल्ह्यात ते ताडोब्याबाहेरही मोठ्या संख्येने आहेत, ब्रह्मपुरी वनविभागात तर जंगलाचे तुकडे आणि धानाच्या बांध्या यांच्या गोधडीत. भारतीय वन्यजीव संस्थेने वनखात्याबरोबर पूर्व विदर्भातल्या वाघांना रेडिओ कॉलर लावून त्यांच्या फिरण्याचा जो अभ्यास केला, त्यातून हेच पुढे आलं की वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाही. शेत, नाला, गावाची सीमा ओलांडतच तो जातो. म्हणजे वाघाचा अधिवासही काही प्रमाणात कसणारी जमीन आहे. मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात माणसं मारली जातात ती याच गोधडीत. पण खर्चाच्या वहीत वाघ जंगलात आणि शेतकरी शेतात. दोघांची गाठ पडते ती नुकसानभरपाईच्या रकान्यात.

आता थोडं उत्तरेला, वैनगंगेच्या खोऱ्यातच पण गोंदिया जिल्ह्यात जाऊ. कारण तलावातल्या वनस्पतींचा प्रश्न सर्वांत चिकाटीने तिथे हाताळला गेला. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी अर्जुनी-मोरगाव भागात ढिवर मच्छीमारांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. आधी यादी: कुठले मासे, कुठल्या पाणवनस्पती, त्यांची स्थानिक नावं, कोणता मासा कोणत्या वनस्पतीजवळ राहतो, कुठला पक्षी काय खातो. ही माहिती ढिवरांकडे होतीच, ती लिहून काढली गेली. मग कृती: बेशरम उपटायची, उन्हाळ्यात तळाचा काही भाग नांगरायचा, पावसाच्या सुरुवातीला दुसऱ्या चांगल्या तलावातून वनस्पती आणून लावायच्या. पाण्याखाली वाढणाऱ्या वेगळ्या, पानं तरंगणाऱ्या वेगळ्या, काठाला उभ्या राहणाऱ्या वेगळ्या. काही काळ मासेमारीवर बंधन, बाहेरची मासळी सोडायची नाही. गावठी मासे परतले, पक्षी आले. या कामात ढिवर बायकांचे गट पुढे आले, ही माझ्या मते यातली सर्वांत मोठी गोष्ट. त्यावर एक वेगळा लेख लिहायचा आहे.

खर्चाच्या दृष्टीने हे काम पाहिलं की मजा वाटते. इथे यंत्र जवळजवळ नाही. खर्च आहे मजुरीचा, आणि दोन-तीन वर्षं मासेमारीचं बंधन पाळणाऱ्यांच्या बुडालेल्या कमाईचा. हा दुसरा खर्च कुठल्याही संशोधन प्रस्तावात दाखवायला रकाना नसतो. मी स्वतः प्रस्ताव भरले आहेत. उपकरणं, प्रवास, सहायकाचं मानधन, किरकोळ. ‘लोकांनी मासे न धरल्याबद्दल’ असा रकाना शोधूनही सापडत नाही.

या पार्श्वभूमीवर एप्रिल २०२२ मधला राज्य मंत्रिमंडळाचा एक निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. वर्तमानपत्रांत तो आतल्या पानावर आला आणि विरून गेला. ‘महाराष्ट्र जनुक कोष’ या प्रकल्पाला पाच वर्षांसाठी १७२.३९ कोटी रुपये मंजूर झाले. त्याआधी राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या पैशाने काही वर्षं प्रायोगिक काम झालेलं होतं. नावावरून वाटतं की हे बरण्यांत बियाणं साठवणं असेल. पण विषय सात आहेत: सागरी जैवविविधता, स्थानिक पीकवाणं, देशी पशुधन, गोड्या पाण्यातली जैवविविधता, गवताळ-माळरान-चराऊ जमिनी, वनहक्काच्या क्षेत्रांचं संवर्धन व व्यवस्थापन, आणि वनक्षेत्रांचं पुनरुज्जीवन. यादी पुन्हा वाचा. सातातले बहुतेक विषय कसणाऱ्या, चारणाऱ्या, मासे धरणाऱ्या माणसांच्या जागांचे आहेत. आणि अभ्यास व दुरुस्ती एकाच शीर्षाखाली. १७२ कोटी आणि ३ हजार ८४४ कोटी यांची बरोबरी करणं तसं बरोबर नाही. एक पाच वर्षांचा प्रकल्प, दुसरी कित्येक वर्षं साचलेली रक्कम. तरीही दोन्ही आकडे शेजारी लिहून ठेवावेत असे आहेत.

सरकारची वाट न पाहता पैसा उभा केल्याचं उदाहरण मात्र चंद्रपूर जिल्ह्यातच आहे. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. २०१२ मध्ये त्यांना १ हजार ६ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं, त्यामुळे बांबू कापून विकण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला हक्क आधीच, २००९ मध्ये मिळाला होता, आणि तिथे बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं ते एप्रिल २०११ मध्ये, केंद्रीय मंत्री गावात आल्यावर. पाचगावने बांबूतून रोजगार उभा केला, आणि मग दोन निर्णय घेतले. एक, तेंदूपत्ता तोडायचा नाही, कारण त्यासाठी झाडं छाटली जातात, आग लावली जाते. हातचं उत्पन्न सोडलं! दुसरा, ३४ हेक्टर जंगल पूर्ण राखून ठेवायचं, तिथून काहीच घ्यायचं नाही.

यात अनुदान कुठलं आणि संशोधन कुठलं? मेंढ्यात ‘अभ्यास गट’ ही पद्धत मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या प्रयत्नांतून रुजली: निर्णयाआधी विषयाचा अभ्यास, मग सर्वसहमती. तो अभ्यास लोक आपल्या वेळात करतात. पाचगावच्या तेंदूच्या निर्णयामागेही निरीक्षण आहे, झाड छाटल्यावर काय होतं याचं. मी त्याला संशोधनच म्हणतो, मार्गदर्शक काय म्हणतील ते बघू. फक्त त्याचा खर्च बांबूतून निघाला. गोंड काळातल्या त्या सूत्राची इथे आठवण येते: कामाचं फळ काम करणाऱ्याला, तेही त्याच जमिनीतून. फरक इतकाच की हक्क एका पाटलाला नाही, पूर्ण ग्रामसभेला.

तलावाला अजून असा हक्कदार नाही. वनहक्क कायद्यात मासे आणि पाणवठ्यांवरच्या सामूहिक हक्काची तरतूद आहे, पण गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांना जे हक्क मिळाले त्यांची चर्चा बांबू आणि तेंदूभोवतीच फिरते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारस पक्ष्यांची स्वतःहून दखल घेतली आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत समित्या झाल्या. हा पक्षी धानाच्या बांधीत आणि तलावाच्या उथळ काठालाच घरटं करतो. त्याला अभयारण्य देऊन उपयोग नाही. राज्यात त्यांची संख्या तिशीच्या आसपास, आणि चंद्रपूर जिल्ह्यात जुनोन्याच्या जुन्या तलावाजवळ एखाद-दुसराच दिसत आला आहे. त्याच्या संवर्धन आराखड्यात शेतकऱ्याला घरट्याबद्दल मोबदला द्यायचा तर तो कृषीचा, वनाचा की पाटबंधाऱ्याचा, हा प्रश्न येणारच.

जनुक कोषाची पाच वर्षं २०२७ मध्ये पुरी होतात. तोपर्यंत मला जिल्हा परिषदेच्या तलाव-दुरुस्तीच्या अंदाजपत्रकांचे नमुने दशकवार लावून पाहायचे आहेत. घनमीटरखेरीज दुसरं कुठलं माप त्यांत कधी आलं का, आलं तर कुणाच्या आग्रहाने. तुमच्या गावच्या तलावाची अशी जुनी कागदपत्रं कुणाच्या घरी पेटीत पडली असतील तर नक्की कळवा, विशेषतः १९५१ ते १९६२ मधली. ती अकरा वर्षं सरकारी दप्तरात फार पातळ आहेत.